मूठभर मेथी

गुरुजींच्या छातीत घड्याळ होतं. हे मी अलंकारिक बोलत नाही. दुपारी टँकर येऊन गेला, घागरींची भांडणं मिटली आणि गल्ली सामसूम झाली की त्यांच्या खोलीतून बारीक टिक टिक ऐकू यायची. पहिल्या दिवशी मी मान फिरवून घड्याळ शोधलं. भिंतीवर नव्हतं, टेबलावर नव्हतं. गुरुजी माझी फजिती बघत बसले, मग सदऱ्याच्या दुसऱ्या गुंडीवर बोट ठेवून म्हणाले, "इथं आहे, नांदेडकर. याला चावी लागत नाही, मेथी लागते."

नांदेडकर म्हणजे मी. माझं खरं नाव त्यांना ठाऊक होतं, पण माणसाला गावावरून हाक मारली की तो परका वाटत नाही, असं त्यांचं म्हणणं. मला मात्र त्या हाकेनं रोज आठवायचं की मी इथला नाही.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. उस्मानाबादेतून अर्धा संसार उचलून आणावा तशा कचेऱ्या आल्या होत्या. खुर्च्या आल्या तर टेबलं नाहीत, टेबलं आली तर कुलपाच्या किल्ल्या मागेच राहिलेल्या. आणि कारकून आले तर त्यांना राहायला खोल्या नाहीत. माझी अडचण थोडी वेगळीही होती. घरमालक खोली दाखवायचे, खिडकी दाखवायचे, नळ दाखवायचे (पाणी नसायचं, पण नळ मोठ्या अभिमानानं दाखवायचे), मग नाव विचारायचे. नाव सांगितलं की त्यांना एकदम आठवायचं की खोली पुतण्यासाठी ठेवलेली आहे. पाण्याचा दुष्काळ होता, पण पुतण्यांचा त्या सालात मोठा सुकाळ होता.

गुरुजींनी नाव ऐकलं आणि विचारलं, "अंघोळ उभ्यानं करता की बसून?"

मी गोंधळून म्हणालो, "बसून."

"इथं उभ्यानं करावी लागेल. घमेल्यात. साबण आधी मोरीत लावून धुऊन घ्यायचा, नंतरचं पाणी घमेल्यात पडलं पाहिजे. जमत असेल तर सामान आणा."

इतक्या सभ्य अटीवर मला त्या शहरात कुणी खोली देत नव्हतं. मी त्याच दिवशी ट्रंक आणली.

घमेल्यातलं पाणी मेथीला जायचं. अंगणात जागा थोडी, त्यामुळे जिथं म्हणून माती मावेल तिथं गुरुजींनी मेथी पेरलेली असायची. डालड्याचे डबे, फुटका रांजण, शाळेच्या लिलावात घेतलेल्या टेबलाचे खण. एका खणात कोंब, दुसऱ्यात दोन पानं, तिसऱ्यात काढायला आलेली. रोज सकाळी ते एक मूठ मेथी खुडायचे. मूठ डाव्या हाताची, कारण उजव्या हाताची बोटं नीट मिटत नव्हती. मेथी उतू चालली असली तरी एकच मूठ, आणि वाळून कोळसा झाली असली तरी कुठून तरी एक मूठ. गल्लीतली पोरं त्यांना 'मेथीवाले सर' म्हणायची. मोठी माणसं त्यांच्या मागं डोक्याकडं बोट नेऊन गोल फिरवायची. मीही सुरुवातीला त्यांच्यातलाच होतो.

गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेत शास्त्र शिकवून निवृत्त झालेले. घराच्या आतल्या दाराला त्यांनी काळा रंग देऊन फळा केला होता, आणि समजावून सांगण्यासारखं काही निघालं की दार लावून घ्यायचे. बाहेरून येणाऱ्याला वाटायचं, आत काही खलबत चाललंय. आत मात्र शास्त्राचा तास चाललेला असायचा आणि वर्गात मी एकटा.

त्या दारावर डाव्या हातानं खडू धरून त्यांनी मला त्यांचं हृदय समजावलं. लहानपणी सांधेदुखीचा ताप आलेला, त्यानं आतली एक झडप खराब झाली. तो बिघाड वयात आल्यावर कळला, आणि निवृत्तीच्या सुमाराला मुंबईला जाऊन धातूची झडप बसवून घ्यावी लागली. तिचीच ती टिक टिक. आता धातूवर रक्त साकळतं, म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर घ्यायची. त्या गोळीचं वैर असतं एका जीवनसत्त्वाशी. 'के' त्याचं नाव. ते रक्त गोठवायला मदत करतं, आणि ते भरलेलं असतं हिरव्या पाल्यात.

"पाला जास्त झाला की गोळी हरते. गाठ होते. ती मेंदूत गेली की अर्धांग," खडूनं मेंदू काढत ते म्हणाले. "पाला कमी झाला की गोळी माजते. मग रक्त थांबत नाही. म्हणून रोज सारखाच पाला. कमी नाही, जास्त नाही."

मग दाराकडं बघत राहिले आणि हसले. "तीस वर्षं पोरांकडून अ, ब, क, ड घोकून घेतलं. रातांधळेपणा, बेरीबेरी, स्कर्व्ही, मुडदूस. हे 'के' कधी परीक्षेला आलंच नाही, म्हणून शिकवलंही नाही. आणि माझ्या वाट्याला बघा, नेमकं न शिकवलेलं आलं."

उजव्या हाताची गोष्ट त्यांनी त्या दिवशी सांगितली नाही. ती पुढं केव्हा तरी, चाकूरहून परत आल्यावर सांगितली. चाकूरला त्यांची बहीण होती. ऑपरेशननंतर विश्रांतीला ते तिच्याकडं राहिले. पत्नी आधीच वारलेली, मूलबाळ नाही, तेव्हा बहिणीनं जीव ओतला. डॉक्टरांनी दिलेली सूचना गुरुजींनी तिला वाचून दाखवली होती. तिनं ऐकली आणि म्हणाली, "डाक्टरला काय कळतंय? हिरवं खाल्ल्याबिगर रगत येतंय का कुठं?" रोज पालक, चुका, राजगिरा, तांदुळजा. भावाच्या गालावर लाली आली म्हणून ती गल्लीत सांगत सुटली. गुरुजींनाही खाताना बरं वाटत होतं. वाढणारं कुणी तरी होतं. एका सकाळी त्यांच्या हातातला कप खाली पडला, तोंड वाकडं झालं आणि शब्द फुटेना.

शब्द परत आले, तोंड सरळ झालं, बोटं मात्र तशीच राहिली. पण त्याहून वाईट झालं ते बहिणीचं. ती त्यांच्याकडं यायची बंद झाली. हे गेले तर डोळ्याला डोळा देत नाही, आणि जेवायला वाढत नाही. चहा देते, फक्त चहा. चाकूरच्या बसमधून उतरून ते घरी आले की डाव्या हातानं स्वतःची भाकरी थापायचे.

"मला शत्रूंची भीती नाही, नांदेडकर," असं ते त्या वेळी म्हणाले. "मला वाढणाऱ्यांची भीती आहे."

हे वाक्य मी हसण्यावारी नेलं, कारण गुरुजींची बरीच वाक्यं हसण्यावारी न्यायचीच असायची. आमच्या कचेरीतल्या हेडक्लार्कसाहेबांचे वडील हृदयविकारानं गेले आणि साहेबांनी धसका घेऊन 'ई' जीवनसत्त्वाच्या पिवळ्या कॅप्सूल सुरू केल्या. औषधाच्या दुकानदारानं त्यांना सांगितलं होतं की याच्यानं हृदयाच्या नळ्या लोण्यासारख्या मऊ राहतात. त्यांचं बघून अर्धी कचेरी कॅप्सूल खाऊ लागली. खेड्यातून आलेला शिपाई तर दर आठवड्याला दवाखान्यात जाऊन जीवनसत्त्वाची 'लाल सुई द्या' म्हणून दंड पुढं करायचा. एकदा हेडक्लार्क स्वतः गुरुजींना विचारायला आले, की जीवनसत्त्वातले तुम्ही जाणकार, ही कॅप्सूल घेऊ का सोडू? गुरुजी म्हणाले, "मला माहीत नाही." साहेबांना तो अपमान वाटला. ते गेल्यावर मी म्हणालो, काही तरी सांगायचं की. गुरुजी म्हणाले, "जीवनसत्त्व पाहुण्यासारखं असतं. वेळेला एक आला तर घर शोभतं. बायकापोरांसकट दहा आले आणि मुक्कामच ठोकला, तर घर बसतं. पण कुणाच्या घरी किती पाहुणे मावतात, ते मी बाहेरून कसं सांगू?"

आज माझ्याही गोळ्यांचा डबा उशाशी असतो. माझा डॉक्टर तरुण आहे. मी त्याला विचारलं, हृदयासाठी व्हिटॅमिनच्या गोळ्या घेऊ का? तो म्हणाला, काका, अंगात कमी असेल ते भरून काढू, पण गोळ्या गिळून अटॅक टळतो असं समजू नका. मला गुरुजी आठवले आणि मी उगाच हसलो. डॉक्टरला वाटलं, म्हाताऱ्याला पटलेलं नाही.

दुष्काळ दुसऱ्या उन्हाळ्यात शिरला तेव्हा मात्र हसण्यासारखं काही उरलं नाही. टँकर यायचा, पण त्याचा नेम नव्हता. मी घमेल्यात उभा राहून अंग ओल्या फडक्यानं पुसायचो, आणि फडकं पिळून निघेल तेवढंच मेथीच्या वाट्याला. आधी खणातली मेथी गेली, मग डब्यांतली. बाजारात पाला म्हणून मिळायचा तो गुरांनी तोंड फिरवावं असा. गुरुजी पिशवी घेऊन सगळा बाजार पालथा घालायचे आणि रिकामी पिशवी नीट घडी घालून घेऊन यायचे. गोळी मात्र चालूच होती. दाढी करताना एकदा ब्लेड लागलं आणि रक्त थांबेचना. टॉवेल दाबून धरला, तो भिजला, दुसरा दाबला. गुरुजी खुर्चीत ताठ बसून मला धीर देत होते. "घाबरू नका, नांदेडकर, गोळी माजलीय, दुसरं काही नाही." डॉक्टरांनी सुई दिली, गोळी कमी केली. घरी येताना रिक्षात मला त्यांच्या छातीतली टिक टिक एवढी स्पष्ट ऐकू येत होती की रिक्षावालासुद्धा मागं वळून बघत होता.

मी नांदेडला अम्मीला कळवलं. आमच्याकडं गोदावरी म्हणून थोडा तरी ओलावा होता. अम्मीनं ओल्या फडक्यात मेथीच्या जुड्या गुंडाळून एस.टी.च्या ड्रायव्हरबरोबर पाठवायला सुरुवात केली. मी स्टँडवर उभा राहायचो, ड्रायव्हर बॉनेटवरून गाठोडं काढून द्यायचा. गुरुजी त्यातली आपली मूठ वेगळी करायचे आणि बाकीची टँकरच्या रांगेत वाटून टाकायचे. ईदला मी शीरखुर्मा आणला तेव्हा त्यांनी वाटीत चमचा फिरवून नीट तपासलं आणि लहान मुलासारखे खूश झाले. "यात पाला नाही!" दोन वाट्या खाल्ल्या. अम्मीला निरोप दिला, की हिंदुस्थानात मला बिनघोर जेवता येईल असं एकच घर आहे आणि ते नांदेडात आहे.

बाकी त्यांचं बाहेरचं जेवणखाण सुटल्यातच जमा होतं. लग्नाला जायचे, अक्षता टाकायचे आणि पंगत बसायच्या आत निघायचे. विहारात भोजनदान असलं की वंदनेला पुढं बसायचे आणि पानं मांडायला लागली की चप्पल शोधायला लागायचे. त्यांच्याच लोकांत बोललं जायचं, "गुरुजी लई मोठे झाले, आता आपलं अन्न चालत न्हाई." एकेकाला दारावर झडप काढून समजावणं शक्य नव्हतं, आणि आजाराचं गाऱ्हाणं सांगायची त्यांना लाज वाटायची.

गुरुजी बौद्ध. वडिलांनी छपन्न साली दीक्षा घेतली. त्याआधीचं बालपण आणि त्यानंतरचीही बरीच नोकरी, पाणी वरून ओतून पिण्यात गेलेली. ते याबद्दल फार बोलत नसत. एकदाच म्हणाले, "पूर्वी मला कुणी जेवायला बोलवायचं नाही. आता बोलावतात, आणि मला जाता येत नाही." आणि हसले. त्या हसण्यात मला सामील होता आलं नाही.

सगळ्यात अवघड दिवस येळवशीचा. मार्गशीर्षातल्या त्या अमावास्येला आमच्या भागात घरी कुणी जेवत नाही. सगळं गाव शेतावर. ज्याला शेत नाही त्याला कुणाचं तरी बोलावणं असतंच. लातुरात त्या दिवशी दुकानं बंद, रस्ते ओस, कुत्रीसुद्धा रानाकडं गेलेली. गुरुजी त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालायचे आणि बाजारपेठेच्या रिकाम्या गंजगोलाईतून एकटेच चक्कर मारून यायचे. पहिल्या वर्षी मी सोबत गेलो. बंद दुकानांच्या पाट्या वाचत ते रस्त्याच्या मधोमध चालत होते. एका वळणावर थांबून म्हणाले, "सगळं गाव जेवायला गेलंय." एवढंच. मग घरी येऊन त्यांनी आपली मेथी परतली.

दुष्काळ हटला त्या वर्षीच्या येळवशीला बालाजीचं बोलावणं आलं. बालाजी माझ्याच कचेरीत, पण त्याआधी गुरुजींचा विद्यार्थी. निलंग्याच्या रस्त्यावर त्याचं गाव, घर पाटलाचं. तो दारात येऊन उभा राहिला.

"गुरुजी, यंदा आमच्या शेतावर यायचं. आईनं सांगितलंय, गुर्जींना घेतल्याबिगर येऊ नको म्हनून."

गुरुजींनी नेहमीप्रमाणं नकार तयार ठेवला होता. पण पाटलाच्या घरची बाई आपणहून बोलावते, हे ऐकून ते अडखळले. मग त्यांनी बालाजीला चक्क खरं सांगितलं. दार लावलं नाही की चित्र काढलं नाही. एवढंच म्हणाले, "बालाजी, मला पाला चालत नाही रे. जिवावर बेततं. आणि येळवस म्हणजे तर भज्जी."

"मग काय झालं? आईला सांगतो की मी," बालाजी म्हणाला.

येळवशीची भज्जी ज्यानं खाल्ली नाही त्याला सांगायला हवं. तुरीचे दाणे, वाटाणे, ओला हरभरा, शेंगदाणे हे सगळं असतंच, पण खरी चव चाकवत, मेथी, पालक, कांद्याची पात अशा रानातल्या पाल्याची. वरून चिंच आणि बेसन. खायची बाजरीच्या उंड्यांबरोबर. त्या एका पातेल्यात गुरुजींचा महिन्याचा पाला असणार होता, आणि दुष्काळापासून त्यांची गोळी अगदी थोडीशी होती. जाताना मी बसमध्ये हे बोलून दाखवलं. ते म्हणाले, "सांगितलंय ना त्याला. तुम्ही बहिणीसारखं तोंड करू नका."

फाट्यावर बालाजी बैलगाडी घेऊन आला होता. दोन्ही बाजूंना ज्वारी पोटऱ्यात आलेली, करडई दाट. गुरुजींनी मध्येच एका गावाकडं बोट केलं. तिथल्या शाळेवर त्यांची पहिली नेमणूक. येळवशीला गावातून मास्तरांचा वाटा शाळेत पोचवायचे. पत्रावळ पायरीवर ठेवायची, हाक मारायची, आणि मास्तर बाहेर यायच्या आत पाठ फिरवून चालू लागायचं. "भज्जी मात्र उत्तम असायची," ते म्हणाले. बालाजीनं बैलांना उगाच हाकललं.

शेतात कडब्याची खोप घातलेली, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगडांचे पांडव. पूजा झाली. घोंगड्या अंथरल्या, पुरुषांची पंगत बसली. गुरुजींना बालाजीनं मधोमध बसवलं, आपल्या थोरल्या भावाच्या शेजारी. गुरुजी मांडी घालून ताठ बसले होते. मी समोर होतो, त्यामुळे त्यांचा चेहरा मला दिसत होता. इतके खूश मी त्यांना शीरखुर्म्याच्या वेळीसुद्धा पाहिलं नव्हतं.

मोठ्या पितळी पातेल्यातून भज्जी वाढत थोरली सून पंगतीतून आली. माझ्या ताटात वाढली, थोरल्याच्या ताटात वाढली आणि गुरुजींना सोडून पुढं गेली. मागून धाकटी सून जर्मनचं छोटं झाकलेलं पातेलं घेऊन आली आणि मोठ्यानं म्हणाली, "गुर्जीचं येगळं हाय."

तिचा काय दोष? सासूनं पहाटे उठून, पाल्याचं एक पान जाणार नाही अशी, गुरुजींसाठी वेगळी भज्जी रांधली होती. जीव वाचवायला रांधली होती. पण वेगळं पातेलं, वेगळा डाव आणि वर तो शब्द. थोरल्या भावानं खाली मान घातली. गुरुजींच्या चेहऱ्यावरचं सगळं पुसलं गेलं आणि तिथं फक्त शाळेच्या पायरीकडं बघणारा एक मास्तर उरला.

त्यांनी ताट उचललं आणि मोठ्या पातेल्याकडं धरलं. "मला यातलं वाढा."

थोरली सून डाव हातात धरून तशीच उभी. बालाजी म्हणाला, "गुरुजी, त्यात पाला—"

"माहीत आहे मला. वाढा."

आवाज वर्गातला होता. त्या डावात काय आहे हे मला कळत होतं, आणि त्या छोट्या पातेल्यात काय आहे हेही. दोन्हीतलं कुठलं त्यांना लवकर मारेल, हे मात्र मला सांगता येत नव्हतं.

बालाजीची आई खोपीपाशी आंबील घुसळत होती. नऊवारीला हात पुसत ती आली. तिनं सुनेच्या हातातला डाव बघितला, गुरुजींचं ताट बघितलं, छोट्या पातेल्याकडं बघितलं. म्हातारीला समजायला वेळ लागला नाही. तिनं "अगं बाई" एवढंच म्हटलं, तेही स्वतःशी. मग ती पंगतीत, गुरुजींच्या समोर मातीतच बसली. त्यांच्या हातातलं ताट घेऊन घोंगडीवर ठेवलं. छोट्या पातेल्यातली भज्जी स्वतःच्या हातानं वाढली, उंडा मोडून कडेला ठेवला.

"एक घास खावा, गुर्जी. म्हातारीसाठी."

वडीलधाऱ्या बाईचा शब्द मोडायची गुरुजींना सवय नव्हती. त्यांनी डाव्या हातानं उंडा भज्जीत बुडवला आणि खाल्ला. ते खाईपर्यंत ती थांबली. मग तिनं हात पुढं केला, त्यांच्या ताटातला तो उष्टा उंडा उचलला, त्यांच्याच भज्जीत बुडवला आणि तोंडात टाकला. उरल्यासुरल्या दातांनी सावकाश चावत राहिली. सगळं रान तिच्याकडं बघत होतं. थोरला मुलगा बैलांना पाणी दाखवायचं निमित्त करून उठून गेला. तिनं त्याच्याकडं बघितलंही नाही.

"आळणी झालीय हो," ती म्हणाली. "पालाच न्हाई तर चव येनार कुटून? खावा तसंच आता." आणि आणखी एक घास तिनं त्याच ताटातला घेतला.

गुरुजी जेवले. पुन्हा वाढून घेऊन जेवले. आंबील प्यायले, खीर खाल्ली. छोटं पातेलं त्या दोघांनी मिळून संपवलं. डोळ्यांतून पाणी येत होतं ते त्यांनी पुसलं नाही, आणि मिरचीचं निमित्तही केलं नाही.

परतीच्या बसमध्ये ते खिडकीशी बसले. मला वाटलं, आता गुरुजी पायरीबद्दल बोलतील, पत्रावळीबद्दल बोलतील. मी ऐकायच्या तयारीत होतो. औसा मागं पडल्यावर ते म्हणाले, "आमची मंडळी रोज माझ्या ताटातलं उचलायची, नांदेडकर. मी रागवायचो. म्हणायचो, तुझं तुला वाढून घे की."

मग काच सरकवून त्यांनी तोंडावर वारा घेतला.

"ती गेल्यावर आजच कुणी उचललं."